बंद पडलेला स्मार्टफोन उघडून पाहताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

स्मार्टफोनचे बॅक पॅनल पहिल्यांदा उघडणाऱ्याची बहुधा थोडी निराशाच होते. सोलापुरात वाढलेल्या माणसाला यंत्र म्हटले की यंत्रमाग आठवतो, आणि मागाशेजारी दोन मिनिटे उभे राहिले तरी धोटा कुठून कुठे जातो, उभे धागे कसे वरखाली होतात, हे सगळे उघड दिसते. फोनच्या आत मात्र फिरणारे, सरकणारे असे जवळजवळ काहीच नसते. काळ्या प्लॅस्टिकची एकदोन झाकणे, एक चपटी बॅटरी आणि तिच्यावरून गेलेल्या रुंद पट्ट्या एवढेच नजरेला पडते. तरीही गेल्या काही वर्षांतले बहुतेक अँड्रॉइड फोन एकाच रचनेने बांधलेले असतात आणि ती रचना एकदा डोळ्यांत बसली की पुढचा कोणताही फोन अनोळखी वाटत नाही. वरच्या बाजूला मदरबोर्ड, म्हणजे चिप बसवलेला मुख्य बोर्ड, आणि कॅमेरे, मध्ये बॅटरी, खालच्या बाजूला चार्जिंगचा छोटा बोर्ड आणि स्पीकर, आणि या वरच्या-खालच्या भागांना जोडणारी, बॅटरीच्या अंगावरून किंवा खालून जाणारी पट्टी, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतली मेन स्ट्रिप. या लेखात पाठ उघडल्यावर आधी बॅटरी, मग खालचा भाग आणि त्यानंतर वरचा भाग अशा क्रमाने फोन पाहिला आहे. दुरुस्ती शिकवणे हा येथे हेतू नाही. दुरुस्तीला हात घालण्याआधी जे पाहून घ्यायला हवे, तेवढेच येथे सांगितले आहे.

कोणता फोन घ्यावा

पहिल्या प्रयोगासाठी वापरातला फोन कधीही घेऊ नये. घरात कपाटाच्या तळाशी एखादा बंद पडलेला हँडसेट बहुधा सापडतो. नसेल तर नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानांत विचारणा केल्यास डिस्प्ले फुटलेला एखादा जुना फोन किरकोळ किमतीत मिळू शकतो. मात्र असा फोन अनोळखी माणसाकडून घेताना त्याचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सिम ट्रेवर किंवा मागच्या बाजूला छापलेला आहे का ते पाहावे आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो तपासून घ्यावा. चोरीचा फोन अभ्यासासाठीसुद्धा घरात नको.

प्लॅस्टिकचे बॅक पॅनल असलेला फोन नवशिक्याला सोयीचा पडतो, कारण त्याचे पॅनल बहुधा कडेच्या खाचांमध्ये अडकवलेले असते. काचेचे पॅनल गोंदाने घट्ट चिकटवलेले असते आणि ते न फोडता काढण्याची सवय हाताला व्हायला बराच वेळ लागतो. कडा वळवलेल्या डिस्प्लेचा फोन आणि पाण्यापासून संरक्षणाचे आयपी ६८ मानांकन असलेला फोन या दोघांच्याही वाटेला पहिल्या वेळी जाऊ नये. दुसऱ्या प्रकारात गोंद आणि रबरी गॅसकेट यांच्यामुळेच पाणी बाहेर राहते, आणि फोन एकदा उघडला की ते संरक्षण गेले असेच धरून चालावे. आयफोनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या खालच्या कडेला पाच पाकळ्यांचे दोन स्क्रू असतात आणि अनेक मॉडेल पाठीकडून नव्हे, तर डिस्प्ले उचलून समोरून उघडतात, त्यामुळे येथे दिलेला क्रम त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल, किंवा डिस्प्ले एका बाजूने उचलला गेला असेल, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि तो फोन उघडूच नये.

जागा आणि हत्यारे

नवशिके नेमके येथेच घाई करतात. सोलापूरच्या घरात टॉवेल आणि चादरींना तोटा नाही, आणि फोनला ओरखडे पडू नयेत म्हणून तो टेरी टॉवेलवर ठेवावा असे कोणालाही वाटणे साहजिक आहे. मीही पहिल्यांदा तेच केले होते. टॉवेलच्या धाग्यांच्या फासांत दीड मिलिमीटरचा स्क्रू असा अडकला की तो शेवटी धुण्याच्या बादलीच्या तळाशी सापडला. शिवाय टॉवेलचे तंतू कॅमेऱ्याच्या भिंगावर आणि कनेक्टरच्या खाचांत जाऊन बसतात. त्याऐवजी मोठ्या ताटात किंवा ट्रेमध्ये पांढरा कोरा कागद पसरून त्यावर काम करावे. ताटाला कड असल्यामुळे घरंगळलेला स्क्रू खाली पडत नाही.

दुसरी अडचण पंख्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याखाली चिकटपट्ट्या व कागद उडतात. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर, पुरेसा उजेड आला की लगेच करावे. कूलरच्या थेट झोतासमोर तर बसूच नये, कारण त्या हवेत ओलावा असतो.

हत्यारे फार लागत नाहीत. पीएच ०००, म्हणजे तीन शून्याचा, चौफुली टोकाचा स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकचे दोन-तीन पातळ त्रिकोणी ओपनर, चपट्या टोकाची प्लॅस्टिकची पट्टी, बारीक चिमटा, सिम पिन, हेअर ड्रायर आणि एक भिंग एवढ्यावर काम भागते. साफसफाईसाठी ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश ठेवावा. ब्लेड, सुरी, पोलादी पट्टी ही साधने दुकानातला सरावलेला कारागीर वापरताना दिसतो, पण त्याला बॅटरी नेमकी कुठे सुरू होते हे न पाहताही ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसते. शेजारी घमेल्यात कोरडी वाळू भरून ठेवावी. बॅटरीतून धूर येऊ लागला तर फोन स्वयंपाकघरातल्या मोठ्या चिमट्याने त्यात टाकून घमेले उघड्यावर नेता येते. त्या धुराचा श्वास मात्र घेऊ नये.

काम सुरू करण्याआधी नळाला किंवा लोखंडी खिडकीच्या रंग नसलेल्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यांमुळे साठणारी ही वीज हाताला जाणवतही नाही, पण चिपचे नुकसान करू शकते. बंद फोनच्या बाबतीत फार काही बिघडणार नाही हे खरे असले, तरी सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

पाठ उघडणे

फोन चालू होत असेल तर त्याची बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणून तो पूर्ण बंद करावा, कारण भरलेली बॅटरी चुकून दुखावली गेली तर रिकामीपेक्षा कितीतरी जास्त भडकते. त्यानंतर सिम ट्रे बाहेर काढावा. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण सिम ट्रे आतच राहिल्यामुळे मदरबोर्ड अडतो, तो का निघत नाही हे कळत नाही आणि जोर लावताना एखादा कोपरा तुटतो. सिम पिन घालताना छिद्र नीट पाहावे. ट्रेच्या छिद्रासारखेच दिसणारे दुसरे बारीक छिद्र माइकचे असते आणि त्यात पिन घातली तर आतली जाळी किंवा माइक कायमचा जातो.

आता बॅक पॅनलच्या कडा हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटे गरम कराव्यात. फोन हाताला चांगला गरम लागला पाहिजे, पण धरवणार नाही इतका नव्हे. मे महिन्यातल्या गच्चीवरच्या उन्हात फोन ठेवून गोंद मऊ करण्याची युक्ती सोलापूरकराला सुचणारच. ती वापरू नये, कारण उन्हात फक्त कडा तापत नाहीत, तर त्यांच्याबरोबर बॅटरीही तापत राहते. कडा गरम झाल्यावर सिम ट्रेच्या फटीपासून किंवा खालच्या कोपऱ्यापासून ओपनर तिरका आत सरकवावा आणि तो चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल न नेता कडेकडेने फिरवावा. खाच सुटल्याचा टक असा आवाज येत राहतो. आवाज थांबला आणि पॅनल तरीही उठत नसेल, तर तेथे पुन्हा उष्णता द्यावी, जोर देऊ नये.

पॅनल पूर्ण सुटले तरी ते झटक्यात उचलू नये. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर पाठीवर असेल, तर त्याची नाजूक पट्टी मदरबोर्डला जोडलेली असते. माझ्या दुसऱ्या फोनची ही पट्टी मी पॅनलसकट ओढून तोडली आणि तो फोन त्यानंतर फक्त पासवर्डवर उघडत राहिला. पॅनल पुस्तकाच्या पानासारखे एका बाजूला हळूच उघडावे, पट्टी कुठे आहे ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

स्क्रूंचा नकाशा आणि बॅटरीचा कनेक्टर

समोर वरच्या व खालच्या बाजूला दोन प्लॅस्टिकची झाकणे आणि त्यांवर दहा ते वीस स्क्रू दिसतील. एखाद्या स्क्रूवर छोटा कागदी शिक्का असतो. फोन आधी कोणी उघडला होता का, हे कंपनीला त्यावरून समजते. कागदावर फोनची मोठी आकृती काढावी आणि प्रत्येक स्क्रू निघाला की आकृतीत त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून टाकावा. सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकण्याचा मोह फार होतो, कारण ते दिसायला सारखे असतात. त्यांची लांबी मात्र अर्ध्या-एक मिलिमीटरने वेगळी असते, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू बसवून पिळला तर तो खाली असलेल्या बोर्डच्या आतल्या तांब्याच्या रेषा कापतो. अशी हानी वरून दिसत नाही. फोन चालू होत नाही एवढेच कळते.

वरचे झाकण निघाले की दुसऱ्या कशालाही हात न लावता आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. बॅटरीपासून निघालेली रुंद पट्टी मदरबोर्डवर जेथे चौकोनी टोपणासारखी बसवलेली असते, तेथे प्लॅस्टिकच्या पट्टीचे टोक त्या टोपणाच्या कडेखाली घालून ते सरळ वर उचलावे. तिरके ओढू नये, आणि धातूचा चिमटा तर वापरूच नये. फोन बंद असला तरी बॅटरी बोर्डला वीज देतच असते. या अवस्थेत दुसरी एखादी पट्टी सोडवताना किंवा स्क्रू सांडताना दोन टोके जुळली, तर डिस्प्लेला प्रकाश पुरवणारा भाग क्षणात जळू शकतो. पूर्ण प्रक्रियेतली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती बॅटरीचा कनेक्टर सर्वांत आधी काढायचा आणि सर्वांत शेवटी लावायचा, ही असावी.

बॅटरी

बॅटरी या पहिल्या खेपेला जागेवरच राहू द्यावी, पण तिच्यावरचा मजकूर भिंगाखाली सावकाश वाचावा, कारण तो फार काही सांगतो. सरासरी व्होल्टेज ३.८५ किंवा ३.८७ व्होल्ट, चार्जिंगची कमाल मर्यादा ४.४ व्होल्टच्या आसपास, क्षमता समजा ५००० मिलिअँपिअर-तास. ५ अँपिअर-तासाला ३.८७ ने गुणले की १९.३५ वॅट-तास येतात आणि हाच आकडा शेजारी छापलेला सापडतो. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दोन तास जळेल एवढी ही ऊर्जा आहे, पण ती तळहातावर मावणाऱ्या पाकिटात कोंबलेली आहे. आत ग्रॅफाइटचा एक आणि लिथियमयुक्त ऑक्साइडचा दुसरा थर गुंडाळलेला असतो आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. ओपनरचे टोक टोचून हा पडदा फाटला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात. बॅटरी पेटण्यामागचे कारण बहुधा हेच असते. या तंत्राची पहिली विक्रीयोग्य बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि ते घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा संबंध येथे थेट येतो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी शून्य ते ४५ अंश ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हवाच ४२ अंशांवर असेल, तर चार्जिंगची स्वतःची उष्णता मिळून बॅटरी ती मर्यादा सहज गाठते. मग फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, आणि मालक चार्जर खराब झाला असे समजून नवा विकत आणतो. सतत उष्णतेत राहिलेल्या बॅटरीतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. फोन पाण्याच्या माठाखालच्या थंड फरशीवर ठेवून चार्ज करणारी एक आजी मी पाहिली आहे. माठाचे पाणी तेवढे दूर ठेवले, तर त्यांच्या पद्धतीत मला काही चूक दिसत नाही.

खालचा भाग : सीसी बोर्ड, रिंगर, व्हायब्रेटर

खालच्या झाकणाला चिकटलेला काळा डबा म्हणजे लाउडस्पीकर; दुकानात याला रिंगर म्हणतात. स्पीकरची चकती त्या डब्याच्या एका कोपऱ्यात असते आणि उरलेली पोकळी आवाजाला भरीवपणा देण्यासाठी राखलेली असते. त्याच्यातले चुंबक शेजारचे स्क्रू ओढून घेते, त्यामुळे हरवलेला स्क्रू आधी तेथेच शोधावा. व्हायब्रेटर शर्टाच्या बटणाएवढ्या नाण्याच्या आकाराचा असतो आणि त्याच्या आत एका बाजूला जड केलेले वजन फिरते. सुरुवातीला फोनमध्ये फिरणारे जवळजवळ काही नसते असे लिहिले, त्यातला ‘जवळजवळ’ शब्द याच्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठी होता.

चार्जिंगचे सॉकेट ज्या छोट्या बोर्डवर बसवलेले असते त्याला दुरुस्तीवाले सीसी बोर्ड किंवा सब बोर्ड म्हणतात. टाइप-सी सॉकेटच्या मधल्या जिभेवर दोन्ही बाजू मिळून २४ संपर्कबिंदू असतात आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळेच पिन कशीही घातली तरी चालते. हे सॉकेट भिंगाखाली पाहावे, आणि फोन कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा असेल तर अवश्य पाहावे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतल्या हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात. खिशातला फोन ते दिवसभर गोळा करतो आणि प्रत्येक वेळी चार्जरची पिन घातली की ते आत दाबले जाऊन सॉकेटच्या तळाशी फेल्टसारखा घट्ट थर बसतो. पिन पूर्ण आत जात नाही, सैल वाटते, फोन मधूनच चार्ज होतो आणि मधूनच थांबतो. अशा वेळी सीसी बोर्ड बदलण्याचा सल्ला सहज दिला जातो, पण फोन बंद करून लाकडी टूथपिकने तळाचा थर कडेकडेने सैल करून बाहेर काढल्यास अनेकदा काहीच बदलावे लागत नाही. सेफ्टी पिन आणि सुई मात्र वापरू नये, कारण धातूचे टोक संपर्कबिंदू वाकवते किंवा दोन बिंदू जोडून टाकते.

याच बोर्डवर खाली मुख्य माइक असतो. मदरबोर्डपासून येथवर केसाहून थोडी जाड, टोकांना गोल टोपण असलेली एक स्वतंत्र तारही येते. ती मुख्य अँटेनाचा संकेत नेते. बोलताना फोनचा वरचा भाग डोक्याजवळ असतो, म्हणून मुख्य अँटेना बहुधा खालच्या टोकाला ठेवतात. अँटेना म्हणजे तरी काय, तर प्लॅस्टिकच्या झाकणावर किंवा चौकटीवर उमटवलेली धातूची नक्षी आणि तिला टेकणारे सोनेरी मुलाम्याचे स्प्रिंगसारखे छोटे संपर्क. हे स्प्रिंग दबले किंवा ती तार नीट बसली नाही, तर फोन जोडल्यावर सगळे चालते आणि रेंज तेवढी येत नाही.

वरचा भाग : कॅमेरे आणि मदरबोर्ड

कॅमेऱ्यांचे कनेक्टरही बॅटरीसारखेच वर उचलून सुटतात. काढलेला कॅमेरा भिंगाची बाजू खाली करून कधीही ठेवू नये, आणि बोटाचा डाग पडला तर लगेच पुसू नये, कारण धूळ घासली जाऊन ओरखडे पडतात. भिंगाच्या कडेने दिसणाऱ्या चौकटीत तारेची कुंडली आणि चुंबके असतात. वीज वाहिली की भिंगे मिलिमीटरच्या काही भागाने पुढेमागे सरकतात आणि चित्र स्पष्ट होते. भिंगांच्या तळाशी प्रकाश टिपणारा सीमॉस सेन्सर असतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते आणि त्यातल्या निम्म्या हिरव्या असतात, कारण माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. जाहिरातीतला ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतो, हेही येथेच सांगून ठेवावे.

कॅमेरे, डिस्प्लेची पट्टी, मेन स्ट्रिप, आवाज व पॉवर बटणांची ऑन-ऑफ स्ट्रिप आणि अँटेनाची तार सुटली की मदरबोर्ड एका कडेने उचलता येतो. तो तळहातावर घेतला की पहिला प्रश्न पडतो, चिप कुठे आहेत? त्या धातूच्या चौकोनी टोपणांखाली असतात. ही टोपणे केवळ संरक्षणासाठी नसतात, तर रेडिओचा भाग आणि प्रोसेसरचा भाग यांचा विद्युत-कोलाहल एकमेकांत मिसळू नये म्हणून घातलेल्या त्या भिंती असतात. काही टोपणे नुसती दाबून बसवलेली असतात व सहज निघतात. डाखाने जोडलेली असतील तर ओढू नयेत, कारण त्यांच्यासोबत आजूबाजूचे सुटे भागही उखडून येतात. टोपण आणि प्रोसेसर यांच्यामध्ये करडी मलईसारखी पेस्ट किंवा काळा ग्रॅफाइटचा कागद सापडतो, जो उष्णता पसरवून चौकटीकडे नेतो. तो फाडून टाकला तर फोन परत जोडल्यावर जास्त तापेल.

सर्वांत मोठी चौकोनी चिप बहुधा प्रोसेसरची असते, पण तिला नुसता प्रोसेसर म्हणणे अपुरे आहे. गणना करणारा भाग, चित्रे रंगवणारा भाग, कॅमेऱ्याचा संकेत हाताळणारा भाग आणि अनेकदा मोबाइल नेटवर्कचा मोडेमसुद्धा याच एका तुकड्यात असतो. काही महागड्या फोनमध्ये रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, याच चिपच्या डोक्यावर बसवलेली असते, म्हणून ती वेगळी शोधूनही सापडत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ॲपलच्या ए१७ प्रो या चिपमध्ये १९०० कोटी ट्रान्झिस्टर असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. त्यातला एकही भिंगाखाली दिसणार नाही. दिसतात ते आजूबाजूचे कपॅसिटर आणि रेझिस्टर, आणि त्यांतले अगदी लहान तुकडे ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचे असतात. ज्वारीचा दाणा चार मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या लांबीत असे दहा तुकडे ओळीने बसतील. प्रोसेसरशेजारी वीज वाटणारी पॉवर आयसी असते. बॅटरीकडून येणारी वीज कमी-अधिक व्होल्टेजच्या अनेक वाटांत विभागून प्रत्येक भागाला पुरवण्याचे काम ती करते. आजूबाजूला करड्या चौकोनी कॉइलची दाटी दिसली, तर ती पॉवर आयसीच समजावी. चंदेरी झाकणाचा छोटा आयत म्हणजे क्रिस्टल. फोनचा ताल तोच धरतो.

सेन्सर ओळखणे कठीण असते, कारण ते दोन-तीन मिलिमीटरचे काळे ठिपके असतात. फोन आडवा केल्यावर पडदा फिरवणाऱ्या सेन्सरमध्ये सिलिकॉनमधून कोरलेले एक सूक्ष्म वजन तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते आणि ते हलले की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. कानाजवळ फोन नेल्यावर पडदा बंद करणारा सेन्सर बहुधा अवरक्त किरण सोडून ते परत येतात का ते पाहतो. काच बदलल्यानंतर कॉल लागताच पडदा काळा पडण्याची तक्रार अनेकदा या सेन्सरभोवतीचे छोटे रबर चुकीचे बसल्यामुळे येते.

कुठेतरी पांढरा बारीक कागदी ठिपका दिसेल. पाणी लागले की तो लाल होतो. आधी कधी ‘फोन पाण्यात पडलाच नव्हता’ असे सांगितले गेले असेल, तर हा ठिपका खरे काय ते सांगतो.

डिस्प्ले

डिस्प्ले, म्हणजे बाजारातला फोल्डर किंवा कॉम्बो, या खेपेला काढू नये. तो चौकटीला गोंदाने चिकटवलेला असतो आणि नवशिक्याच्या हातून अखंड निघत नाही. मात्र तो आधीच फुटलेला असेल, तर कडेने त्याचे थर पाहण्यासारखे असतात. एलसीडी असेल तर तळाशी प्रकाश देणारी पांढरी पाने, त्यावर द्रव स्फटिकांचा थर आणि रंगांच्या गाळण्या सापडतात. अमोलेड असेल तर वेगळा प्रकाश लागतच नाही, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि म्हणून तो डिस्प्ले पातळ असतो. स्पर्श ओळखणारी जाळी पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही, पण तिची रचना येथे कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही: उभ्या वाहकांवर आडवे वाहक, चादरीच्या ताण्याबाण्यासारखे. बोट टेकले की त्या ठिकाणच्या उभ्या-आडव्या जोडीची विद्युतधारिता बदलते आणि कोणती जोडी बदलली यावरून जागा समजते. ओल्या हाताने पडदा वेड्यासारखा वागतो तो याचमुळे, कारण पाणीही तोच बदल घडवते.

परत जोडणे

उलट्या क्रमाने जोडणी करायची, एवढे सांगून भागत नाही. कनेक्टर बसवताना आधी बोटाने त्याची जागा चाचपावी, दोन्ही भाग समोरासमोर आल्याचे जाणवले की मगच दाब द्यावा. नीट बसल्यावर बारीक टक आवाज येतो. न जुळलेल्या कनेक्टरवर जोर दिला तर पिना दबतात आणि बोर्ड वाया जातो. अँटेनाची तार आणि सिम ट्रेची जागा विसरू नये. सगळे जोडून बॅटरीचा कनेक्टर शेवटी लावला की बॅक पॅनल चिकटवण्याआधीच फोन चालू करून पाहावा: चार्जिंग, रिंगर, माइक, दोन्ही कॅमेरे, व्हायब्रेटर आणि एक कॉल. पॅनल गोंदाने बसवायचे असेल तर बी-७००० सारखा गोंद कडेने अगदी बारीक लावावा, रबर बँड चढवावेत आणि फोन रात्रभर तसाच ठेवावा.

फोन पुन्हा उपयोगी पडणार नसेल, तर तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच पोहोचल्या पाहिजेत, आणि त्यासाठी कंपन्यांच्या संकलन केंद्रांचा उपयोग करता येतो. बॅटरी आधीच सुटी झालेली असेल, तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्यावी. रिंगर, कॅमेरा, व्हायब्रेटर हे भाग मात्र लेबल लावून डबीत ठेवावेत. पुढच्या फोनशी तुलना करताना ते उपयोगी पडतात.

जोडणी संपल्यावर ताटात एखादा स्क्रू उरला असेल, तर ‘चालतोय ना फोन’ म्हणून तो डबीत टाकू नये. आकृती पाहावी, कोणती जागा मोकळी राहिली ते शोधावे, बॅटरीचा कनेक्टर पुन्हा सोडवावा आणि तो स्क्रू त्याच्या जागी बसवावा. कारण त्यातले काही स्क्रू झाकण धरून ठेवण्याबरोबरच बोर्डचे ग्राउंडही, म्हणजे वीज परतण्याची सामाईक वाटही, चौकटीला जोडत असतात.